दगडावरचा विडा

गुंडू उद्या नोकरी संपवून बहारीनहून कायमचा कोकणात निघणार होता. जाण्याआधी कॅम्पातल्या सगळ्यांना सशाची सागोती खिलवीन, असा शब्द त्याने दिला होता. मसाला वाटूनही झाला होता. डिसेंबर १९७७ची पहाट. कॅम्पातल्या त्याच्या सोबत्याने, महादेवने, पिकअप डोंगराखालच्या वाळवंटात थांबवली. गुंडूने तारेचे फास लावले, प्रत्येकात गाजर ठेवलं आणि गावच्या रिवाजाप्रमाणे रानाच्या राखणदारासाठी एका दगडावर पानाचा विडा मांडला. “हंय झाड नाय,” महादेव हसला, “राखणदार खंयसून येतलो?” “भुंय हा म्हणजे राखणदार आसताच.” गुंडूने हात जोडले. “म्हाराजा, तुझो एक ससो नेतंय. रागाव नको.” “व्हय म्हाराजा,” महादेवने चेष्टेने साथ दिली. दोघे गाडीमागे दबून बसले. सूर्य वर आला तसा वाळूचाच एक तुकडा हलला आणि ससा झाला. गाजरांमधून, एकाही फासाला न शिवता, तो सरळ दगडाशी आला. मागच्या पायांवर उभा राहिला. उन्हात त्याचे लांब कान आरपार लाल झाले; आतली शीर न् शीर दिसत होती. मग तो विडा खाऊ लागला, सावकाश. महादेवचं हसू कधीच विरलं होतं. गुंडू उठला, तरी ससा पळाला नाही. गुंडूने एकेक फास सोडवला आणि सगळी गाजरं दगडापुढे ठेवली. “कॅम्पात काय सांगूचा?” महादेव कुजबुजला. “सांग, मसालो माशाक लावा. राखणदार जेवक बसलो हा.”