ओलं फडकं

"मामा, आत कोण ठोकतंय?" जावयाने विचारलं.

मिस्त्री ट्रकच्या नाकाखाली आडवा पडला होता. रेडिएटरचा खालचा प्लग त्याने सकाळीच काढला होता. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग गाळ. उलट्या बाजूने नळी लावून तो धूत राहिला, तेव्हा कुठे पाण्यातून बोटं दिसायला लागली. सगळं निथळल्यावर धूळ पडू नये म्हणून त्याने वरचं झाकण परत बसवलं. आवाज तेव्हापासून सुरू झाला होता. टक टक. मग जरा थांबून, टक.

"हवा," मिस्त्री म्हणाला. "पाण्यात हवा अडकली की ठोकते."

जावई नवा होता, गाडीवरही आणि घरातही. त्याला पटलं. मिस्त्रीला स्वतःचंच बोलणं पटलं नाही.

या गाडीचा आधीचा ड्रायव्हर झाकणाला हात लावण्याआधी पान्याने असंच वाजवायचा, दोन लागोपाठ आणि एक उशिरा. वर इंजिनाला विचारायचा, झोपलास की जागा आहेस बाबा? म्हणून तो ठोक्या. मग झाकणावर ओलं फडकं टाकायचा. फडकं वाळायला लागलं की म्हणायचा, जागा आहे, अजून तापलाय, आणि बिडी पेटवून सावलीत बसायचा. ओलंच राहिलं तर उघडायचा.

चढावर गाडी तापली त्या दिवशी मालक त्याच्या शेजारी बसला होता. मालकाला घाई होती. त्याने ना फडकं टाकू दिलं, ना बिडी पेटवू दिली. काही होत नाही, उघड, म्हणाला. झाकण फिरवलं तसं उकळतं पाणी ठोक्याच्या तोंडावर उडालं. पट्ट्यांनी गुंडाळलेल्या तोंडाने ठोक्याने दवाखान्यात मिस्त्रीला एवढंच सांगितलं. बाहेर मालकाने सगळ्यांना सांगितलं की माणूस अडाणी होता, घाई नडली. ठोक्या मेला तो मेला, वर अडाणी ठरला. मेलेल्याच्या माथी काहीही मारा, तो थोडाच उठून सांगायला येतोय.

टक टक. टक.

मिस्त्रीने वरचा पाइप सोडवला, मग खालचा. दोन्ही जमिनीवर टाकले. पाण्याचा थेंब पडला नाही. त्याने रेडिएटरवर तळहात ठेवला. लोखंड गार होतं. गाडी कालपासून बंद होती, बॅटरी बाकावर पडली होती.

आतून परत वाजलं. जावयाने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

संध्याकाळी हीच गाडी भरून त्याच चढावर जायची होती, आणि चालवणार जावई. जाऊ दे असं मिस्त्रीने म्हटलं की लेकीचा नवरा त्या चढावर. नको म्हटलं की घरी, बिनकामाचा.

तेवढ्यात मालक आला. चपला फरफटवत, गाडी झाली का विचारत. मिस्त्री म्हणाला, आज सोडू नका. मालक म्हणाला, मग दुसरा ड्रायव्हर बसवतो, तू तुझ्या जावयाला घरी नेऊन पोस. जावई आणि रेडिएटर सारखेच, कितीही भरा, गळतातच. स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला.

टक टक. टक.

मालकाचं हसू अर्ध्यावर राहिलं. तो ठोका त्याला ओळखीचा होता. त्या चढावर, केबिनमध्ये बसून, त्यानेच तो शेवटचा ऐकला होता.

"हवा असेल," तो म्हणाला. "पाण्यातली."

"पाणी नाहीये, मालक. पाइप तुमच्या पायाशी पडलेत."

मालकाने खाली पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकला आणि जावयाकडे वळला. स्वतःची भीती दुसऱ्याच्या हातांनी तपासून घ्यायची मालक लोकांना सवयच असते.

"ए, वर चढ. काही होत नाही, उघड ते झाकण."

ठोकणं थांबलं.

जावयाने बंपरवर पाय ठेवला. लग्नापासून मिस्त्री त्याला अहो-जाहो करत आला होता. आता त्याने त्याचा दंड धरून खेचला.

"उतर खाली. हात लावशील तर तंगडं मोडीन."

जावई उतरला. मिस्त्रीने बादलीत फडकं बुचकळलं, पिळलं आणि बंपरवर चढून झाकणावर पसरलं. चारही कोपरे नीट केले. मग खाली उतरून मालकाला वाट दिली.

"तुम्ही उघडा, मालक. इंजिन गार आहे. रेडिएटर रिकामा आहे. काही होत नाही."

दोन नोकरांसमोर मालकाला मागे फिरता येईना. आधी त्याने खाकरून घेतलं. बाही वर सारली. या शेडमध्ये सगळीच येडी भरलीत, असं काहीतरी पुटपुटत तो बंपरवर चढला आणि हात पुढे केला. झाकण वीतभर राहिलं असताना हात थांबला.



मालकाचा हात पुढे जाईना आणि मागेही येईना. त्याच्या बोटांखाली काळंभोर ओलं फडकं मधोमध वाळायला लागलं होतं. आधी बटणाएवढं. मग झाकणाएवढं.