निळे कोंब

कापड रंगवायच्या कारखान्यामागे बांबूचं बेट आहे. यंदा त्याला निळे कोंब फुटले.

"गुरुजी, यानं शाई प्यायली का हो?" मुलांनी विचारलं.

मी एक कोंब सोलून दाखवला. आतपर्यंत निळा, आणि वास असा की मुलांनी नाकं दाबली. "मुळं पाण्याबरोबर येईल ते वर ओढतात, बाळांनो," म्हणत मी शेजारचं कारखान्याचं गटार दाखवलं. तेच पुढे आमच्या वस्तीच्या विहिरीत झिरपतं.

तेवढ्यात मालक नातवाचं बोट धरून आले. "काय गुरुजी, पोरांच्या डोक्यात कसलं खूळ भरवताय? अहो, ही दुर्मीळ जात आहे! आणि आमचं पाणी म्हणाल, तर खुशाल प्या." बोलताना चेहऱ्यावरचं हसू जराही ढळलं नाही. त्या वासापेक्षा मला त्यांच्या हसण्याची जास्त किळस आली.

नातू मात्र आज्ञाधारक. तो गटाराशी वाकला आणि त्यानं ओंजळ भरून तोंडाला लावली.



"थुंक! आधी थुंक!" मालक किंचाळले. "ड्रायव्हर, गाडीतली बाटली आण रे, इथलं पाणी नको!"