अण्णांची आंघोळ

उमाक्काच्या गल्लीत नळाला पाणी येऊन बारा दिवस झाले होते. टँकरसाठी तिनं नगरपालिकेत तीन अर्ज दिले, आणि पाणी खात्याचे साहेब तिन्ही वेळा त्याच गोडीनं म्हणाले, "अक्का, टँकरला डिझेल न्हाई."

गल्लीच्या तोंडाशीच चौक, आणि चौकात अण्णांचा साठ वर्षांचा पुतळा. गावात पहिला नळ यांनीच आणला, असं चबुतऱ्यावर कोरलेलं आहे. मे महिन्यात त्यांची जयंती आली आणि लातूरहून मंत्री येणार म्हटल्यावर सकाळी सकाळी टँकर चौकात हजर झाला. अण्णांना टोपीपासून चपलांपर्यंत पाणी, मग साबण, मग परत पाणी.

रिकामी घागर कमरेवर घेऊन उमाक्कानं साहेबांना विचारलं, "उरलं तर दोन घागरी देता का?"

"उरलं की फुटपाथ धुवायचाय, अक्का. मंत्री पायी येणार हायेत," साहेब म्हणाले. "अन् नाराज कशाला होता, पुण्यतिथीला परत येतोयच की आम्ही."

उमाक्कानं मान डोलावली. घरी जाऊन तिनं गल्लीतल्या चौदा घरांच्या सह्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी चौथा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यात टँकरचं नावसुद्धा नव्हतं.

"आमच्या गल्लीत एक पुतळा बसवावा. पुढारी कोणत्याही पक्षाचा चालेल. फक्त जयंती अन् पुण्यतिथी दोन्ही उन्हाळ्यात असाव्यात."