ऑर्डरपुरतं बोला

‘बोगदा थोडा मोठा ठेवा. डोकं अडकतं.’

स्वेटरवालीने ग्राहकाचा मेसेज पुन्हा वाचला. हातातल्या सुया थांबल्या. तान्ह्या बाळाच्या पिवळ्या स्वेटरची ऑर्डर, त्यात बोगदा कुठून आला? नवऱ्याला वाटलं, चुकून भलतंच टाइप झालं असेल. तिला मात्र नेमकं कळलं होतं. बोगदा म्हणजे स्वेटरचा गळा.

लहानपणी स्वेटर डोक्यातून घालताना तिचे बाबा म्हणायचे, "चला, गाडी बोगद्यात!" आणि डोकं बाहेर येईपर्यंत शिट्टी वाजवायचे. बाबा गेल्यावर धाकट्या भावासाठी ती शिट्टी तिने वाजवली. गळ्याला बोगदा म्हणणारं माणूस त्या घराबाहेर तिला कधी भेटलं नव्हतं.

"विचारूनच टाकते, तूच ना रे म्हणून," ती म्हणाली.

"अगं बाई, हात आवर!" नवऱ्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "नियम विसरलीस? ऑर्डरपुरतं बोलायचं. नाव नाही, फोन नंबर नाही, घरच्या चौकशा नाहीत. एक ताकीद मिळालीये. दुसरी आली की दुकान बंद. मग खायचं काय, लोकर?"

ताकीद खरीच होती. मागे एका ग्राहकाला तिने विचारलं होतं, ‘बाळ कोणावर गेलंय?’ लगेच पडद्यावर लाल पट्टी आली होती. नवऱ्याचा छापखाना बंद पडल्यापासून घर या ऑनलाइन दुकानावरच चालत होतं. ग्राहकाचं नाव-पत्ता साइट चालवणारी कंपनी दाखवत नसे. तिच्या वाट्याला यायचा तो नुसता ऑर्डरचा नंबर.

नवरा तिला चौकशी खिडकी म्हणायचा, आणि ते काही उगाच नाही. भाऊ तुटला तोही तिच्या प्रश्नांपायीच. त्याने लग्न ठरवलं, मुलीला घरी भेटायला आणलं, आणि हिने त्या पोरीची अशी उलटतपासणी घेतली की ती चहा अर्धा टाकून उठली. "ताई, तुझे प्रश्न संपले की बोलू," म्हणून तो गेला. त्यानंतर त्याने ना तिचा फोन उचलला, ना तिला दार उघडलं. तिचा जीव तुटायचा, पण करणार काय?

आता डोक्यात प्रश्नांचा नुसता गलका उठला होता. तोच असेल का? कसा असेल? इतकी दुकानं सोडून याच दुकानात कसा आला? एकही विचारायची सोय नव्हती. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती प्रश्न विचारण्याआधी विचार करत होती.

मग तिने कीबोर्ड हळूच परत ओढला आणि एका बोटाने टाइप केलं: ‘बोगदा मोठा करते. सोबत शिट्टी लागेल का?’

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. लाल पट्टी आली नाही. मेसेज तपासणाऱ्या यंत्राला तो मालाबद्दलचाच प्रश्न वाटला असावा.

ती विणायला बसली खरी, पण टाके सुटायला लागले. कोणी परकाच निघाला तर? ‘शिट्टी कशाला?’ म्हणेल आणि विषय संपला. संध्याकाळी संगणक टुणकन वाजला.

"तुम्हीच वाचा," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार."

त्याने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं:

‘लागेल. पण पाकिटातून पाठवू नका. बाळाच्या आत्यानं स्वतः घेऊन यावी.’