निखारे ढवळल्याचा आवाज

म्हाताऱ्या जूनदेदच्या मांडीवरची पोळल्याची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टर नुसरतच्या मनातून कॅन्सरची शंका जात नव्हती. पण तुकडा काढून दोनदा तपासला, तर दोन्ही वेळा भाजल्याचा जुना वणच निघाला. आज तिनं अगदी खोलवरचा तुकडा काढून बाटलीत टाकला.

"देद, उन्हाळा लागला. निखाऱ्यांची कांगडी आता तरी माळ्यावर टाकलीत ना?"

"केव्हाच! नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं फेरनच्या झग्याखाली मांडीवर घेऊन बसले गं तिला," म्हातारी हसली. मग हळूच म्हणाली, "पण जखमेच्या आत कुणीतरी अजून निखारे ढवळतंय. मला ऐकू येतं."

नुसरतही हसली. म्हातारी गेली.

खोली शांत झाली आणि खरखर सुरू झाली. राखेत पळी फिरवावी तशी, सावकाश. नुसरतनं बाटली कानाशी धरली, मग घाईघाईनं कपाटात कोंडली. खरखर जराही कमी झाली नाही.

ती खुर्चीत बसली. हात आपसूक मांडीवर गेला. तिथं कांगडीचा तपकिरी डाग होता, इथं सगळ्यांनाच असतो तसा.

डाग गरम लागला. खरखर थांबली, आणि आतून कुणीतरी हलकेच फुंकर घातली.