शेवटचं ऊन

“उघडा हे, मॅडम,” कस्टम्सचे अधिकारी म्हणाले.

शाल्मलीने काळी नळी छातीशी धरली. आत नॉर्वेतल्या हिमनदीने मागे सोडलेली वाळू होती.

“नाही उघडता येणार, साहेब. या वाळूने शेवटचं ऊन कधी पाहिलं, त्यावरून तिथलं हिमयुग कधी सरलं ते कळतं. क्षणभर उजेड लागला तरी चार वर्षांचं काम पुसलं जाईल.”

“म्हणजे फोटोचा रोल! आमच्या बाबांचा मिरजेत स्टुडिओ होता. रोल ते काळ्या पिशवीत हात घालून काढायचे. जाकीट द्या तुमचं, आत अंधारातच चाचपून बघतो.”

नळी जाकिटात गुंडाळून त्यांनी बाह्यांतून दोन्ही हात आत घातले.

तेव्हा तिला आठवलं, जाकिटाच्या पाठीला शेकोटीच्या ठिणगीने भोक पडलंय.

झाकण आधी उघडलं,

की तिचा तळहात भोकावर आधी पडला,

तिला सांगता येईना.