उतरता सूर

घड्याळं दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. ते भरकटलेलं अंतराळयान बुधवारी पडेल, असं सगळे सांगत होते. मी म्हटलं होतं, मंगळवारी दुपारी चार बारा. सहा वर्षं हातातली अँटेना आभाळात फिरवून मी रेडिओ रिसीव्हरवर त्याच्या संदेशाचा सूर ऐकत आलोय.

मंगळवारी चार बाराला ते समुद्रावर जळून पडलं. जहाजावरच्या लोकांनी पाहिलं.

"बाबा, मानलं तुम्हाला," लेक म्हणाली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी रिसीव्हर आवरून ठेवायला घेतला, तर त्यात तोच सूर.

लेकीनं अँटेना खिडकीतून आभाळाकडे धरली. आवाज बारीक झाला. खाली आणली तसा वाढला. घराच्या दाराकडे वळवल्यावर सगळ्यात मोठा.

यान जवळ येत असताना सूर चढा असतो, आपल्याला ओलांडून गेलं की उतरतो. हा चढाच होता.

"दुसरं काहीतरी असेल," ती म्हणाली.

"सहा वर्षांची ओळख आहे." सवयीनं मी कागद ओढून गणित मांडलं. "नऊ छप्पन्नला ओलांडेल."

ती उठून दाराला कडी घालून आली.

नऊ छप्पन्नला सूर उतरला. दार बंदच होतं.

"बघ, मिनिटाचा फरक नाही," मी म्हणालो.

तिनं अँटेना हळूहळू फिरवली. आवाज आता आतल्या खोलीतून येत होता.